वनिताच्या नावाचा अर्ज

हिंगणघाटच्या रस्त्याला कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की दोन्ही बाजूंच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकायला लागतात. जिनिंगकडे जाणाऱ्या टेम्पोंतून उडालेला कापूस तो. काट्यांत अडकतो आणि दव पडेपर्यंत तिथेच हलत राहतो. सकाळी गाडीवरून कॉलेजला येताना त्यातला एखादा माझ्या ओढणीला चिकटून येतो. स्टाफरूममध्ये बसून तो काढताना इतर कोणाला काही वाटत नाही. मला मात्र एक शेत आठवतं. या सोमवारी तसंच झालं, आणि दुपारी नोटीस बोर्डावर विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीचा कागद लागला. पोरं त्याच्याभोवती गर्दी करून उभी होती. मी लांबूनच वळले.

तीन वर्षांपूर्वी हा कागद मी स्वतः लावला होता. त्या वर्षी निवडणूक काही ना काही कारणाने लांबत गेली आणि दिवाळी उलटून गेल्यावर एकदाची जाहीर झाली. थंडी पडायला लागली होती. तुरीला पिवळी फुलं आली होती आणि गावोगाव कापूस वेचायला माणसं मिळत नव्हती. मी राज्यशास्त्र शिकवते, त्यामुळे अशी कामं न मागता माझ्याकडे येतात. मला तक्रार निवारण समितीची प्रमुख केलं. बाकीचे दोघे म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक आणि ऑफिसातले मोठे बाबू. उमेदवारांचे अर्ज घ्यायचं कामही माझ्याकडेच होतं. निवडणुकीचे अकरा नियम मी स्वतः टाइप केले होते. त्यांचा मला अभिमान वाटायचा, हे आज लिहिताना लाज वाटते.

पहिला आठवडा तर गमतीतच गेला. एकाचं पोस्टर ठरल्यापेक्षा वीतभर मोठं होतं. दुसऱ्याने प्रचार बंद झाल्यावर मोबाइलवर स्टेटस ठेवलं. एका उमेदवाराने अख्ख्या वर्गाला तर्री-पोहे खाऊ घातल्याची तक्रार आली, आणि पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत तेलाने लाल झालेली कागदी प्लेट जोडलेली होती. बाबूंनी ती प्लेट फाइलला टाचली. दोन दिवसांनी मुंग्या झाल्या, तेव्हा काढून टाकली. मी घरी येऊन या गोष्टी सांगायचे आणि आम्ही हसायचो. लोकशाही अशीच शिकतात पोरं, असं मी नवऱ्याला म्हटल्याचंही आठवतं.

मग ऋचाची तक्रार आली. ऋचाच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान आहे. मुलगी नीटनेटकी, हट्टी, नियम तोंडपाठ असणारी. विद्यार्थिनी प्रतिनिधी या पदासाठी ती उभी होती. तिच्यासमोर एकच नाव होतं, वनिता, दुसऱ्या वर्षाची, जवळच्या खेड्यातली. ऋचाचं म्हणणं असं की वनिता कॉलेजात येतच नाही. उमेदवाराची हजेरी निदान पंचाहत्तर टक्के हवी, हा नियम क्रमांक चार. मी हजेरीपट काढला. वनिताची हजेरी नियमात बसत होती, माझ्या स्वतःच्या तासाला तर भरपूर होती. दहा मिनिटांत तक्रार फेटाळली आणि ऋचाला बोलावून तसं सांगितलं.

ती गेली नाही. टेबलासमोर उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "मॅडम, तुम्ही तिला कधी पाहिलंय?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. पण माझ्या डोळ्यांसमोर काहीच आलं नाही. उंच की बुटकी, काळी की गोरी, पुढच्या बाकावर बसते की मागच्या, काहीच नाही. बाहेर तिची पोस्टरं लागली होती, पण त्यातला फोटोही इतका अंधुक की कोणाचाही म्हणून खपावा. तिचा एक्केचाळीस नंबर पुकारला की मुलींच्या बाजूने "येस मॅडम" यायचं. तो आवाज मला आठवत होता. त्या आवाजामागचं माणूस आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वनिताचा अर्ज पर्समध्ये घातला आणि गाडी काढली. तक्रार पुन्हा सुनावणीला घ्यायची आणि त्याआधी उमेदवाराला भेटायचं, एवढंच मनात होतं. तिच्या घराला कडी होती. शेजारच्या आजीने हात लांब करून दाखवलं, "वावरात गेली. नाल्याच्या पल्याड."

त्या वावराचं चित्र माझ्या डोक्यातून जाणार नाही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, छातीइतकी वाढलेली, तिची पानं लालसर पडलेली आणि बोंडं अशी फुटलेली की लांबून वाटावं, कोणी धुतलेले रुमाल वाळत घातलेत. सात-आठ बायका ओळी धरून वेचत होत्या. कमरेला फडकी बांधलेली, पुढ्यात कापसाची फुगलेली पोटं. कोणी बोलत नव्हतं. बोंडातून कापूस निघतो तेव्हा एक बारीकसा आवाज होतो, तेवढाच काय तो ऐकू येत होता.

"वनिता कोण आहे इथे?" मी बांधावरून विचारलं.

मधल्या ओळीतली एक मुलगी सरळ झाली. डोक्याला स्कार्फ, बापाचा असावा असा ढगळ शर्ट. "मी हाये जी." मग तिने मला ओळखलं. "मॅडम, तुमी? अथी कशा? काही झालं काय?"

तिने मला ओळखलं. मी तिला नाही.

"तू निवडणुकीला उभी आहेस ना?" मी म्हटलं.

"कोन्त्या?"

"कॉलेजच्या. विद्यार्थिनी प्रतिनिधी."

शेजारच्या ओळीतून तिची आई पुढे आली. बाईने हातातला कापूस न सोडता विचारलं, "काऊन वो, मले सांगितलं नाई तुनं?"

"मलेच कोनी सांगितलं नाई, माय," वनिता म्हणाली.

मी मोबाइलवर पोस्टरचा फोटो दाखवला. तिने आधी बोटं फडक्याला पुसली. बोंडाच्या टोकदार कवचांनी नखांच्या कडा फाटल्या होत्या. तिने फोटो मोठा करून पाहिला. "हा माह्या बसच्या पासचा फोटो हाये," ती म्हणाली, आणि खालची ओळ मोठ्याने वाचली, "तुमच्या हाकेला सदैव हजर." बाकीच्या बायका हसल्या. ती हसली नाही.

मग मी अर्ज दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, सावकाश वाचला. तिच्या नावासमोर इंग्रजीत लफ्फेदार सही होती. "मी इंग्लिशमधी सही करत नाई," ती म्हणाली. नंतर तिचं बोट आणखी खाली सरकलं. तिथे छापलेलं होतं, उमेदवाराने माझ्यासमोर सही केली आहे. त्याखाली माझी सही, माझा शिक्का.

"हे तुमची सही व्हय ना, मॅडम?"

"हो."

"मंग तवा तुमच्यासमोर कोन होतं?"

उत्तर मला तिथेच, वावरात उभी असताना आठवलं. अर्जांच्या शेवटच्या दिवशी मी चाचणीचे पेपर तपासत होते. तिसऱ्या वर्षाचा अक्षय आला होता. तो सचिवपदाला उभा होता आणि त्याच्या पॅनलचे पाच अर्ज एकदम घेऊन आला होता. मी मान वर न करता विचारलं होतं, सगळे आलेत ना. "बाहेर उभे आहेत, मॅडम," तो म्हणाला होता. मी पाच सह्या केल्या. दाराबाहेर डोकावले नाही. बाहेर कोण होतं, कोणी होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही.

मी निघाले तेव्हा वनिता बांधापर्यंत सोबत आली. तिला राग आला असेल, रडेल, बदनामी झाली म्हणेल, अशी माझी तयारी होती. पोस्टर गावातल्या कोणी पाहिलं तर काय, ही भीती आईच्या चेहऱ्यावर दिसतच होती. पण तिने विचारलं, "मॅडम, त्या पदावर काय कराव लागते?"

मी सांगितलं. मुलींच्या अडचणी प्राचार्यांपुढे मांडायच्या. म्हणजे मुलींची खोली कायम कुलूपबंद असते, गावाकडची बस शेवटचा तास सुटायच्या आत निघून जाते, असलं सगळं.

"ते बसचं तं मले लय सांगता येईन," ती म्हणाली. "मंग मले खरंखुरं उभं राहाता येते का?"

मी म्हटलं, मुदत संपली आहे. ती "बरं" म्हणाली आणि आपल्या ओळीत परत गेली. मी गाडी सुरू करून रस्त्याला लागले आणि नाल्याच्या पुलावर थांबले. पुढे चालवता येईना.

आपल्याला धक्का बसतो म्हणजे नेमकं काय होतं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. वाईट माणसाने वाईट केलं तर राग येतो, धक्का बसत नाही. धक्का बसतो तो आपलाच हात तिथे सापडला की. पंधरा वर्षं मी मताधिकार शिकवत होते. गुप्त मतदान, मुक्त मतदान, उमेदवारीचा हक्क, हे सगळं मी फळ्यावर चौकटीत लिहायचे. आणि एक मुलगी वावरात कापूस वेचत असताना मी तिला वर्गात हजर ठेवलं होतं आणि तिच्या नकळत निवडणुकीलाही उभं केलं होतं.

प्राचार्य सर माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "एवढं कशाला वाढवता? तिची खरी हजेरी दाखवा. नियम चार, अर्ज बाद. विषय संपला."

"मग तिचा परीक्षेचा फॉर्म अडेल, सर."

"ती येत नाही हे खोटं आहे का?"

ते खोटं नव्हतं, हीच अडचण होती. सर काही खोटं लिहायला सांगत नव्हते. त्यांनी सांगितलेल्या निकालात सहीचा उल्लेख नव्हता, शिक्क्याचा नव्हता, अक्षयचा नव्हता आणि माझाही नव्हता. फक्त वनिता होती, आणि दोष तिचा होता. मी खोटं सांगणार नाही, तो कागद मी लिहिला. स्वच्छ अक्षरात लिहिला. दुसरा कागदही लिहिला, ज्यात सगळं होतं. सुनावणीला जाताना दोन्ही फाइलमध्ये होते आणि कोणता काढायचा हे माझं ठरलेलं नव्हतं.

सुनावणी भूगोलाच्या खोलीत झाली, भिंतीवर नकाशे लटकत होते. वनिता आईला घेऊन आली होती. निळा पंजाबी ड्रेस, तेल लावून घातलेली वेणी. ऋचा एका कोपऱ्यात बसली होती. अक्षयने काही नाकारलं नाही, याचाच मला पहिला हादरा बसला. मी समजत होते, तो आडवं लावेल, शपथा घेईल. तो अगदी सरळ बोलला.

"मॅडम, पॅनलमधी एक मुलगी पाह्यजे होती. ओळखीच्या मुली तयार नव्हत्या. हिले कोनीच ओळखत नाई, म्हनजे हिचं कोनाशी वाकडं नाई. निवडून आली असती तं काम आमीच केलं असतं. तिले काय तकलीफ होती?"

"आणि सही?"

"सही मी केली." त्याला माझा प्रश्नच कळला नसावा असा त्याचा चेहरा होता. "माही काकू सरपंच हाये, मॅडम. सही काकाच करते. तहसीलमधी सगळ्याइले माहीत हाये. कोनी काही म्हनत नाई."

क्रीडाशिक्षक खिडकीबाहेर पाहू लागले. बाबूंचं लिहिणं थांबलं. त्या मुलाच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. असती तर किती बरं झालं असतं. तो घरी जे पाहत मोठा झाला तेच त्याने इथे केलं होतं, आणि आपण चुकलो हे त्याच्या गावीही नव्हतं. हजेरीचंही त्यानेच सांगून टाकलं. वर्गातल्या मुली एकमेकींच्या नंबरला ओ देतात, सगळ्या वर्गांत देतात, कापसाच्या दिवसांत तर देतातच. एवढं तुम्हाला माहीत नव्हतं का, असं तो विचारत होता, आणि खरोखर विचारत होता.

मी वनिताला म्हटलं, तुला काही सांगायचं आहे का. ती उभी राहिली. मग म्हणाली, "मी नसतानी माहा अर्ज आठ दिवस चालला. कोनी काही म्हटलं नाई. आता मी सोता आली, तं तुमी म्हनता मुदत संपली."

एवढंच. ती बसली. तिच्या आईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मी फाइलमधून दुसरा कागद काढला आणि वाचला. उमेदवाराची सही उमेदवाराची नाही, म्हणून अर्ज बाद. ज्याने ती केली त्याचाही अर्ज बाद. सही तपासणाऱ्या शिक्षिकेने, म्हणजे मी, न पाहता शिक्का मारला. हजेरीपट विश्वास ठेवण्यासारखा नाही आणि तो दोष विद्यार्थिनीचा नसून हजेरी घेणाऱ्याचा आहे. शौर्य वगैरे काही वाटलं नाही. फक्त आता घरी काय सांगायचं, हा विचार येत होता.

ऋचा बिनविरोध निवडून आली. तिला आनंद झाला नाही. "मला वाटलं होतं मी जिंकेन," ती दारात मला म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. तक्रार खरी ठरूनही हातून काही निसटतं, हे तिला त्या दिवशी कळलं असावं. पुढे बसच्या वेळेसाठी डेपोत अर्ज देताना तिने वनिताला सोबत नेलं.

पण त्या दिवशी खोली रिकामी झाल्यावर वनिता थांबली होती. "मॅडम, तक्रार कोनालेही करता येते काय?"

"येते."

"तुमचीबी?"

मी माझ्याच वहीतून एक कोरा कागद फाडून दिला. तिने नकाशांखालच्या बाकावर बसून लिहिलं. अक्षर मोठं, काना-मात्रा जपून काढलेल्या. मी नसताना माझी हजेरी लावली, मी नसताना माझा अर्ज घेतला, मी कुठे आहे हे एकदाही विचारलं नाही. याची चौकशी व्हावी. खाली मराठीत नाव. तक्रार घेणारी अधिकारी मीच होते. मी पोच लिहिली, सही केली, आणि सही करताना ती समोर आहे हे मान वर करून पाहिलं.

माझं समितीपद गेलं. संस्थेने कारणे दाखवा नोटीस दिली. स्टाफरूममध्ये मी आले की बोलणं थांबायचं, कारण एक हजेरीपट खोटा म्हटल्यावर बाकीचेही संशयात आले होते. एका गोष्टीने मात्र मला हसू आलं. हजेरीपटच खोटा ठरल्यावर त्याच्या जोरावर कोणाचाच परीक्षेचा फॉर्म अडवता येईना. वनिताचाही भरला गेला. अक्षय पास होऊन गेला. त्याची काकू अजून सरपंच आहे. सही कोण करतं, हे मी विचारलेलं नाही.

चौकशी रेंगाळली. आणि वनिता दर गुरुवारी येऊ लागली. गुरुवार तिच्या वेचणीच्या सुट्टीचा असावा. सकाळच्या बसने उतरायची, ऑफिसच्या खिडकीत उभी राहायची आणि विचारायची, "माह्या तक्रारीचं काय झालं जी?" बाबू म्हणायचे, चौकशीचे साहेब बाराला येतील. बारापर्यंत करायचं काय म्हणून ती वर्गात येऊन बसायची. पुढे कापूस सरला आणि ती बाकीच्या दिवशीही दिसायला लागली. ती नेहमी खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसायची. प्रश्न विचारायची, कधीकधी असे की मला दुसऱ्या दिवशी वाचून यावं लागायचं. माझ्याशी ती गोड वागत नव्हती, कडूही नाही. तिची तक्रार प्रलंबित होती, एवढंच.

माघात निकाल आला. तक्रार मान्य. मला लेखी ताकीद, सेवापुस्तकात नोंद. तिच्या नावाचं पत्र मीच मागून घेतलं आणि वर्गाबाहेर तिच्या हातात दिलं. मला वाटलं होतं, आता ती काही बोलेल. मीही काही बोलायचं ठरवून गेले होते, माफीसारखं. तिने पत्र उघडलं, पहिलीच ओळ वाचली आणि घडी घालून मला परत दिलं.

"हे मले नाई, मॅडम. यावर अनिता लिहिलं हाये."

मी पाहिलं. खरंच कुमारी अनिता लिहिलं होतं. टाइप करणाऱ्याचं एक अक्षर चुकलं होतं. मी पेन काढलं, म्हटलं, आण, दुरुस्त करून देते.

"नाई जी," ती म्हणाली. "दुसरं बनवून द्या."

दुसरं पत्र यायला नऊ दिवस लागले. मधल्या सगळ्या तासांना ती वर्गात होती.